मगदल्याची वाट

पर्वत हे देशाचे स्वाभाविक तट होत, असें भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून मुलांस शिकविण्यांत येतें. आणि तींच मुलें पुढें इतिहासाच्या पुस्तकांत वाचतात कीं, अमक्या सेनापतीनें अमका पर्वत ओलांडून अमकें राज्य जिंकलें. या दोन विधानांत कांहीं विरोध आहे, हें बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तट जर खरोखरीच तट असेल, तर तो इतक्या वेळां ओलांडला कसा जातो? आणि तो ओलांडतां येण्यासारखा असेल, तर त्याच तटापुढें दुसऱ्या एखाद्या प्रसंगीं मोठमोठीं सैन्यें हतबल कां होतात? सह्याद्रीच्या आश्रयानें वाढलेल्या आपणां मराठी लोकांस हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. १६५९ सालीं ज्या जावळीच्या रानांत अफझलखानाची फौज गारद झाली आणि १६६१ सालीं ज्या उंबरखिंडींत कारतलबखान कोंडला गेला, त्याच सह्याद्रींतील किल्ले १८१८ सालीं अवघ्या कांहीं महिन्यांत एकामागून एक इंग्रजांच्या हातीं पडले. डोंगर तेच, कडे तेच, पाऊसहि तोच. मग बदललें काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्याच डोंगरांचें उदाहरण घेणें सोईचें नाहीं. तेथें अभिमान आणि खेद हे दोन विकार बुद्धीस स्वस्थ बसूं देत नाहींत. म्हणून आम्ही आज वाचकांस समुद्रापलीकडे, पूर्व आफ्रिकेंतील अ‍ॅबिसीनिया म्हणजे आजच्या इथिओपिया देशांत नेऊं इच्छितों. १८६८ सालीं मुंबईहून गेलेलें एक सैन्य तेथील पर्वतांतून सुमारें चारशें मैल चालत जाऊन मगदला नांवाच्या डोंगरी किल्ल्यावर पोंचलें, त्यानें तो घेतला, जाळला, आणि तें आल्या वाटेनें परत गेलें. इतकी अवघड वाटचाल, इतकी अल्प हानि आणि इतका निर्णायक शेवट यांचा योग युद्धांच्या इतिहासांत क्वचितच आढळतो. इंग्रज ग्रंथकारांनीं याचें श्रेय इंजिनियरांस, नव्या बंदुकांस आणि सेनापतीच्या दूरदृष्टीस दिलें आहे. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु तेवढ्यानें सर्व उलगडा होतो, असें आम्हांस वाटत नाहीं.

हा देश आपणांस अगदींच परका नव्हे. 'हबशी' हा शब्द आपल्या बखरींतून ठिकठिकाणीं भेटतो. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखास तर हबसाण असेंच म्हणत. निजामशाहीचा बुडता डोलारा कित्येक वर्षें सांवरून धरणारा मलिक अंबर हा मूळचा तिकडचाच. लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेल्या या पुरुषानें दख्खनच्या डोंगराळ मुलखाचा आधार घेऊन मोगलांसारख्या प्रबळ शत्रूस जेरीस आणलें. परंतु माणसांच्या या नात्याहून दगडांचें नातें अधिक जवळचें आहे. मगदल्याच्या स्वारीबरोबर विल्यम ब्लॅनफर्ड नांवाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता. हिंदुस्थानच्या भूगर्भ-पाहणी खात्यांत नोकरी करीत असतां त्यानें पश्चिम हिंदुस्थानांतील काळ्या पाषाणाचे थर बारकाईनें तपासले होते. अ‍ॅबिसीनियांतील डोंगर पाहतांच त्यास जुनी ओळख पटली. १८७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्या थरांचें वर्णन केलें आहे.

अलीकडच्या शोधांप्रमाणें आपल्या दख्खनचा काळा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा आणि अ‍ॅबिसीनियाचा सुमारें ३ कोटि वर्षांपूर्वींचा आहे. दोहोंचा जन्म एकाच रीतीचा. जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून वितळलेला रस पुराच्या पाण्याप्रमाणें पसरला आणि थिजला; त्यावर दुसरा पूर आला, मग तिसरा. म्हणून दोन्हीकडील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, माथ्यावर सपाट आणि बाजूंनीं तुटलेले दिसतात. माथ्यावर पठार, भोंवतीं ताशींव कडा, कड्याखालीं माची, असा जो डोंगर आपण किल्ल्यास पसंत केला, त्यास तिकडे 'अंबा' म्हणतात आणि तेथेंहि त्याचा उपयोग किल्ला, तुरुंग अथवा मठ म्हणून होत आला. याच लाव्ह्याच्या दगडांत राजा लालिबेला याच्या नांवानें प्रसिद्ध असलेलीं अकरा देवळें खोदलेलीं आहेत. त्यांपैकीं कांहीं आपल्या वेरूळच्या कैलासाप्रमाणें माथ्याकडून खालीं कोरीत आणलीं आहेत. फरक आहे तो आकारमानांत. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फुटांचें. तिकडील पठारेंच मुळीं आठ-दहा हजार फूट उंचीचीं. आणि त्या पठारांस नद्यांनीं इतकें खोल चिरलें आहे कीं, समोरच्या कडेवरील झोंपड्यांचा धूर स्पष्ट दिसावा, पण तेथवर जाण्यास घळ उतरून पुन्हां चढण्यांत सबंध दिवस मोडावा.

अशा देशांत हें सैन्य कां गेलें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अ‍ॅबिसीनियाचा सम्राट थिओडोर—त्याच्या भाषेंत तेवोद्रोस—हा १८५५ सालीं गादीवर आला. आपसांत लढणाऱ्या सरदारांचा हा देश एकछत्री करावा, गुलामांचा व्यापार मोडावा, युरोपीय कारागिरांकडून तोफा ओतून घ्याव्या, अशा त्याच्या आकांक्षा होत्या. १८६२ सालीं त्यानें व्हिक्टोरिया राणीस मैत्रीचें पत्र पाठविलें. तें पत्र लंडनच्या परराष्ट्रखात्यांत पडून राहिलें. त्यास उत्तर गेलें नाहीं. फार झालें तर अर्ध्या तासाचें काम; पण तें न झाल्यामुळें मानी आणि तापट थिओडोरनें १८६४ च्या आरंभीं इंग्रज वकील कॅमेरॉन यास कैद केलें. त्यास सोडविण्यासाठीं १८६६ सालीं रस्साम नांवाचा दुसरा वकील गेला; प्रथम आदरसत्कार होऊन शेवटीं तोहि मगदल्यावर बेड्यांत पडला. तेव्हां इंग्रज सरकारनें १८६७ सालीं स्वारीचा निश्चय केला आणि मुंबईचा सरसेनापति सर रॉबर्ट नेपियर याजकडे ती कामगिरी सोंपविली.

सुमारें १३,००० लढाऊ शिपाई, त्यांच्या दुपटीच्या घरांत नोकरचाकर व बाजारबुणगे, चाळीस हजारांवर जनावरें आणि त्यांत ४४ हत्ती, एवढा हा पसारा होता. मुंबईच्या पलटणी, पंजाबी पायोनियर, मुंबई व मद्रासच्या सफरमैना पलटणी, गोऱ्यांच्या कांहीं पलटणी, असें हें मिश्र सैन्य होतें. पार्लमेंटनें आरंभीं वीस लक्ष पौंड मंजूर केले. हिशेब संपला तेव्हां खर्चाचा आंकडा नव्वद लक्षांच्या जवळपास गेला होता. त्यांतहि हिंदी शिपायांचा नेहमींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतून द्यावयाचा, असें ठरलें. इंग्रज वकिलाची सुटका करण्यासाठीं हिंदी रयतेनें पैसे कां द्यावे, हा प्रश्न त्याच सालीं दादाभाई नौरोजींनीं लंडनमध्यें एका निबंधाच्या द्वारें विचारला. प्रश्नास आधार होता, उत्तर देणाऱ्यांस गरज नव्हती. निर्णय बदलला नाहीं.

आतां वाचकांनीं आमच्याबरोबर या वाटेनें चालावें. पहिला तळ तांबड्या समुद्राच्या कांठीं झुला येथें. ओसाड खारट किनारा, भाजणारें ऊन, आणि प्यावयास पाण्याचा थेंब नाहीं. समुद्राचें पाणी वाफेच्या यंत्रांनीं ऊर्ध्वपातन करून तें माणसांस व जनावरांस पाजावें लागे. आरंभीं घाईनें गोळा केलेलीं खेंचरें तहानेनें व रोगानें पटापट मेलीं. येथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत हिंदुस्थानांतून आणलेल्या रुळांची लहानशी आगगाडी बांधण्यांत आली. पायथ्याशीं कुमेलीची घळ लागते. दोहों बाजूंस उभे खडक, मध्यें जेमतेम ओढ्यापुरती वाट, आणि त्या वाटेंत घरांएवढे धोंडे. सफरमैनांनीं सुरुंग लावून आणि भराव घालून तेथें गाडीरस्ता केला. सुमारें साठ मैलांच्या या चढणीनें सैन्य सेनाफे येथें आठ हजार फुटांवर आलें. कोंकणांतून बोरघाट चढून देशावर यावें तसाच हा प्रकार. पण चढ चौपट.

सेनाफे, अदिग्रात, अंतालो हे पुढील टप्पे तिग्रे प्रांतांतले. येथें अजून काळा पाषाण मुख्य नाहीं. वाळूचा दगड आणि मग चुनखडी. डोंगर मोकळे, गांवें बऱ्यापैकीं वसलेलीं. येथें नेपियरनें जें केलें त्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. कारण आमच्या मतें स्वारीचा निकाल मगदल्यापाशीं लागला नाहीं, या टप्प्यांत लागला. त्यानें सरदारांस, धर्मगुरूंस आणि रयतेस उद्देशून एक जाहीरनामा काढला. आपलें भांडण एकट्या थिओडोरशीं आहे. देवळांस व मालमत्तेस धक्का लागणार नाहीं. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचें मोल मिळेल. आणि काम होतांच सैन्य परत जाईल, असें त्यांत वचन होतें. मोल द्यावयाचें तर कोणतें नाणें? त्या देशांत ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीची मुद्रा असलेला, १७८० सालचा शिक्का उठविलेला रुप्याचा डॉलर तेवढा चालत असे. म्हणून तीं नाणीं मुद्दाम व्हिएन्ना येथें पाडून आणविलीं. पुढें चाललेल्या सैन्याच्या पाठीमागें तिग्रेचे शेतकरी आपल्या बैलांवर आणि गाढवांवर धान्य घालून भाड्यानें पोंचवूं लागले. तळाजवळ बाजार भरूं लागले. फेब्रुवारीच्या अखेरीस तिग्रेचा अधिपति कासाई याची नेपियरनें गांठ घेतली. इंग्रज सेनापति त्या भेटीस हत्तीवर बसून गेला. हत्तीवर माणूस बसतो आणि हत्ती त्याचें ऐकतो, हें त्या देशांतील लोकांस अपूर्व होतें. पण कासाईनें वाट दिली ती हत्ती पाहून नव्हे. थिओडोर त्याचा वैरी होता, आणि आलेले पाहुणे परत जाणार, असें त्यास वाटत होतें.

अंतालो सोडल्यावर अंबा अलाजीच्या बाजूस खरे काळ्या दगडाचे पर्वत सुरू होतात. येथें सैन्याचा आकार कमी करावा लागला. तंबू, सामान, नोकर मागें राहिले. शिपायांनीं कांबळें, डगला व काडतुसें आपल्या पाठीवर घेतलीं. अशांगी सरोवराच्या कांठावरून, एका धारेवरून दुसऱ्या धारेवर, दहा हजार फुटांहून उंच अशा वंदाजच्या खिंडींतून ते गेले. दिवसां ऊन, तिसऱ्या प्रहरीं गारांचा मारा, रात्रीं कडाक्याची थंडी. एका गोऱ्या पलटणीनें वाटेंत कुरकुर केली म्हणून नेपियरनें तिला सर्वांदेखत झाडून आघाडीवरून मागें घेतलें. मगदल्याच्या दरवाजांत प्रथम शिरली ती हीच ३३ वी पलटण, हाहि एक योगायोग. तकाझे नदी ओलांडून सैन्य वादेलाच्या पठारावर आलें. आणि तेथें या मुलखांत कोणाच्या स्वप्नींहि येणार नाहीं अशी एक वस्तु त्यांस दिसली. समोरच्या घळींत उतरणारा, खडक फोडून केलेला, रुंद व वळणावळणाचा रस्ता.

हा रस्ता थिओडोरनें केला होता. मगदल्याकडे एकच सैन्य येत नव्हतें. दोन येत होतीं. ऑक्टोबर १८६७ मध्यें थिओडोरनें आपली राजधानी देब्रा ताबोर जाळून टाकली आणि तो मगदल्यास निघाला. त्याच्याजवळ युरोपीय कारागिरांनीं ओतलेल्या तोफा होत्या आणि 'सेबस्तोपोल' नांवाची एक अजस्र उखळी तोफ होती. ती गाड्यावर घालून शेंकडो माणसांनीं ओढावी लागे. जेथें खेंचराची वाट नव्हती तेथें या तोफेसाठीं गाडीरस्ता हवा होता. जिद्दा आणि बशिलो या दोन नद्यांच्या हजारों फूट खोल घळींच्या कडांतून थिओडोरनें तो खोदविला. त्याजपाशीं शिकलेले इंजिनियर नव्हते, यंत्रें नव्हतीं. राजा स्वतः पहाटेपासून पुढें होऊन दगड फोडी आणि उचली, असें त्या वेळच्या युरोपीयांनीं लिहून ठेविलें आहे. सुमारें साडेपांच महिने हें काम चाललें. मार्चच्या अखेरीस तो मगदल्यास पोंचला, आणि थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यानें इंग्रज सैन्य त्याच्यामागून उतरलें. इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्या रस्त्याची मनमोकळेपणानें वाखाणणी केली आहे. शत्रूस आपल्या दारापर्यंत आणणारा राजमार्ग राजानें आपल्याच हातांनीं बांधावा, याहून करुण गोष्ट या कथेंत दुसरी नाहीं.

पण त्या साडेपांच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडत होती. एके काळीं लाखाच्या घरांत असलेलें थिओडोरचें सैन्य गळत गळत कांहीं हजारांवर आलें होतें. सरदार फुटत गेले तसा तो अधिकाधिक संशयी व क्रूर होत गेला. १८६६ सालीं त्यानें आपलें जुनें शहर गोंदर लुटून जाळलें. जेथें जाई तेथील पिकें व घरें नाहींशीं होत. खडकांतून वाट काढण्याचें सामर्थ्य त्याच्या बाहूंत होतें. परंतु शेतकऱ्यांच्या मनांत जाणारी वाट त्यानें स्वतःच बुजवून टाकली होती. त्याच्याकडे धान्य येईना; नेपियरकडे येत होतें. लास्ताचा अधिपति गोबाझे यानें इंग्रजांस अडविलें नाहीं; मगदल्याभोंवतींच्या वोलो ओरोमो लोकांनीं थिओडोरच्या पळण्याच्या वाटा रोखून धरल्या.

शेवट वेगानें आला. १० एप्रिल १८६८ रोजीं, गुडफ्रायडेच्या दिवशीं, मगदल्याखालच्या आरोगीच्या पठारावर थिओडोरचे लोक डोंगरउतारावरून धांवत आले. मागून भरावयाच्या नव्या स्नायडर बंदुकांपुढें ते टिकले नाहींत. त्यांचे सुमारें सातशें ठार झाले. इंग्रजांकडे वीसेक जखमी झाले आणि त्यांपैकीं दोघे पुढें मेले. यास लढाई म्हणावें कीं दुसरें कांहीं, हें वाचकांनींच ठरवावें. ईस्टरच्या सुमारास थिओडोरनें सर्व युरोपीय कैद्यांस सोडून दिलें आणि गाईमेंढ्यांची भेट पाठविली. परंतु नेपियरला त्याची संपूर्ण शरणागति हवी होती, ती त्यानें दिली नाहीं. त्याच थिओडोरनें दोनच दिवस आधीं शेंकडों देशी कैद्यांस कड्यावरून लोटून दिलें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहींतर त्याच्याविषयींची सहानुभूति आंधळी होईल. १३ एप्रिलला हल्ला झाला. दरवाजा उडविण्याची दारू आणि शिड्या आणावयास सफरमैना विसरले होते. शिपाई तट चढूनच आंत गेले. इतक्यांत थिओडोरनें पिस्तुलानें आपला प्राण घेतला होता. तें पिस्तूल व्हिक्टोरिया राणीनेंच पूर्वीं भेट म्हणून पाठविलेलें होतें, असें सांगतात.

त्यानंतर जें झालें तें विजयाच्या वर्णनांत चार ओळींत उरकण्याची चाल आहे. मगदल्यावर जमविलेल्या वस्तूंची लूट झाली, तिचा लिलाव झाला, किल्ल्यास आग लावण्यांत आली. लुटींतील सुमारें साडेतीनशें हस्तलिखितें ब्रिटिश म्यूझियममध्यें गेलीं. सोन्याचा एक मुकुट लंडनच्या दुसऱ्या संग्रहालयांत. थिओडोरची राणी परतीच्या वाटेवरच वारली. सात वर्षांचा राजपुत्र अलेमायेहु यास इंग्लंडास नेलें. तेथील शाळांतून तो शिकला, पण रुजला नाहीं. १८७९ सालीं अठरा वर्षांचा असतांना तो लीड्स येथें मरण पावला आणि विंडसर येथें पुरला गेला. त्याच्या अस्थि मायदेशीं पाठवाव्या, ही इथिओपियाची मागणी २०२३ सालींहि नाकारण्यांत आली. 'देवळांस व मालमत्तेस धक्का लागणार नाहीं' हें वचन जातांना रयतेशीं पाळलें गेलें. मगदल्यावरील चर्चच्या पोथ्यांशीं पाळलें गेलें नाहीं.

परंतु सैन्य परत जाण्याचें वचन पाळलें गेलें, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जूनमध्यें नेपियर गलबतावर चढला. कासाईस कांहीं तोफा व सुमारें साडेआठशें बंदुका मिळाल्या. हाच कासाई पुढें चौथा योहान्नेस या नांवानें सम्राट झाला. तेव्हां पर्वतांची खरी परीक्षा पुढें झाली. १८७५-७६ मध्यें इजिप्तचें सैन्य, अमेरिकन व युरोपीय अधिकारी बरोबर घेऊन, याच उत्तरेकडील वाटेनें चढूं लागलें. तें राहावयास येत होतें. योहान्नेसनें गुंदेत व गुरा येथें त्याचा दोनदां धुव्वा उडविला. नंतर इटलीची पाळी आली. १ मार्च १८९६ रोजीं अडुआच्या सुळक्यांमध्यें सेनापति बारातिएरीनें आपलें सुमारें सतरा हजारांचें सैन्य तीन वाटांनीं रात्रीं पुढें काढलें. त्याच्या हातांतील नकाशांत एका टेकडीस चुकीचें नांव होतें. एका तुकडीचा नायक अल्बेर्तोने हा नकाशांतील टेकडीवर पोंचला. पण त्या नांवाची खरी टेकडी आणखी कांहीं मैल पुढें आहे, असें कळतांच तो तिकडे गेला आणि इतर तुकड्यांपासून एकटा पडला. पहांट झाली तेव्हां समोर लाखाच्या घरांतील सैन्य होतें, आणि तें कोणा एका सरदाराचें नव्हतें. दक्षिणेचे, उत्तरेचे, मध्याचे सगळे होते. त्याचा नायक सम्राट मेनेलिक हा पोरवयांत मगदल्यावर थिओडोरच्या कैदेंत होता आणि १८६५ सालीं तेथून निसटला होता. त्या दिवशीं इटलीची जी दाणादाण झाली, ती जगजाहीर आहे.

कोणी म्हणेल, १९३६ सालीं इटलीनें तोच देश जिंकला तो कसा? विमानें आणि विषारी वायु यांच्या बळावर. अशांगी सरोवराच्या ज्या कांठानें नेपियरचे शिपाई बाजारहाट करीत गेले, तेथेंच पळणाऱ्या अ‍ॅबिसीनियन सैन्यावर आकाशांतून वर्षाव झाला. डोंगराची आड आकाशास होत नाहीं, हें खरें. पण जिंकणें आणि नांदणें यांत अंतर आहे. पुढील पांच वर्षें डोंगराडोंगरांतून देशभक्तांच्या टोळ्या लढत राहिल्या, आणि १९४१ सालीं इंग्रज सैन्याच्या साहाय्यानें सम्राट पुन्हां गादीवर बसला. म्हणजे विमानाच्या युगांतहि आमचा मूळ मुद्दा अगदींच बाद होत नाहीं.

तो मुद्दा असा. पर्वत कोणाचाच पक्ष घेत नाहीं. तो अवघड असतो एवढेंच. ती अवघडता कोणाच्या उपयोगीं पडावयाची, हें त्याच्या कुशींत राहणारे लोक ठरवितात. पाण्याचा झरा कोणत्या ओहोळांत आहे, कोणती खिंड पावसांत बंद होते, धान्याचीं पेंवें कोठें आहेत, कोणत्या टेकडीचें नांव काय, हें त्यांस ठाऊक असतें. ते वाटाडे झाले तर चारशें मैलांची वाट तीन महिन्यांत उलगडते. ते गप्प बसले तर एका टेकडीच्या नांवापायीं सैन्य बुडतें. आजकाल डोंगरांतून आठ-आठ दिवस पायीं हिंडण्याची हौस आपल्या तरुणांत वाढली आहे, आणि ती स्तुत्य आहे. गांवचा एखादा माणूस पुढें होतो, आपण मागून चालतों, आणि घरीं आल्यावर 'आम्हीं अमका घाट सर केला' असें सांगतों. इतिहासहि बहुधा याच तऱ्हेनें लिहिला गेला आहे. नेपियरला 'मगदल्याचा लॉर्ड' अशी पदवी मिळाली. धान्याचीं ओझीं पोंचविणाऱ्या तिग्रेच्या शेतकऱ्यांस भाड्याचे डॉलर मिळाले.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं एल्फिन्स्टननें साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. आपलें वैर बाजीरावाशीं आहे. वतनें, इनामें, देवस्थानें चालूं राहतील. रयतेस त्रास होणार नाहीं, अशा अर्थाचीं आश्वासनें त्यांत होतीं. पन्नास वर्षांनंतर नेपियरनें काढलेला जाहीरनामा त्याचाच धाकटा भाऊ वाटतो. मार्चमध्यें सिंहगड पडला, मे महिन्यांत रायगड. तोफांनीं पडले, असें आपण म्हणतों. आणि गडावर गोळे पडले हें खरेंच. पण ज्या मावळ्यांच्या आजा-पणज्यांनीं शिवाजी महाराजांसाठीं दोर लावून कडे चढले, त्यांचे वंशज त्या वेळीं कोठें होते? ते तेथेंच होते, गडाखालच्या वाड्यांतून होते. महसुलाच्या मक्त्यांनीं पिळलेल्या त्या माणसांस दुसऱ्या बाजीरावाचें राज्य राहिलें काय आणि गेलें काय, सारखेंच झालें होतें. थिओडोरचा रस्ता ज्या दिवशीं पुरा झाला, त्या दिवशीं त्यावरून चालावयास त्याचें माणूस उरलें नव्हतें. आपल्याकडे गड उभे होते, पण त्यांवर जीव टाकावा असें वाटणारें माणूस उरलें नव्हतें.

मगदल्यास आज अंबा मरियम असें म्हणतात. सेबस्तोपोल तोफ अजून त्या डोंगरावर पडली आहे. ती वर आणण्यास शेंकडों माणसें लागलीं, खालीं नेण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. इथिओपियाचे लोक थिओडोरचा क्रूरपणा विसरलेले नाहींत, आणि तरीहि देश एक करण्याचें स्वप्न प्रथम पाहणारा म्हणून त्यास मानतात. आम्हांस त्यांचा हा निवाडा योग्य वाटतो. त्यानें पाहिलेलें ध्येय खरें होतें. तेथें जाण्यास त्यानें जी वाट धरली ती मात्र आपल्याच लोकांच्या घरांवरून गेली. जे राज्यकर्ते आणि जे समाज आपल्या डोंगरदऱ्यांतील माणसांस केवळ ओझें वाहण्यापुरते ओळखतात, त्यांनीं आपल्या तटांच्या उंचीवर फार विसंबूं नये, एवढेंच या चारशें मैलांच्या वाटेवरून आम्हांस सांगावेंसें वाटतें.